गोळी फुटली; औषध विरघळले काय?

गेल्या आषाढात रत्नागिरीस आत्याकडे चार दिवस मुक्काम घडला. दोन वर्षांपूर्वी आत्याला अर्धांगाचा झटका येऊन गेला. हातापायांतले बळ पुष्कळसे परत आले, वाचा पूर्ववत झाली, पण गिळण्याची क्रिया मात्र पूर्वीसारखी राहिली नाही, आणि ज्या रक्तदाबाने हा प्रसंग आणला त्याच रक्तदाबाची गोळी तिच्या घशाखाली उतरविणे हा त्या घरातला रोज सकाळचा सर्वांत कष्टाचा विधी होऊन बसला आहे. वहिनी ती गोळी कागदाच्या घडीत ठेवते, वरून लाटणे फिरवते, झालेला चुरा मधात कालवते आणि ते चाटण बोटाने आत्याच्या जिभेवर लावते. कागद टाकला जातो तेव्हा त्याच्या दुमडीत पांढरी पूड चिकटून राहिलेली असते. ती किती, याचा हिशेब त्या घरात कोणाजवळ नाही. आणि शुश्रूषेत तिळमात्र कसूर नसताना तो हिशेब मागण्याचा धीर मलाही झाला नाही.

त्याच मुक्कामात एके दिवशी आत्याला मळमळू लागले, म्हणून डॉक्टरांनी जिभेवर ठेवताच विरणारी एक लहानशी गोळी दिली. ती पाहता पाहता नाहीशी झाली. ठसका नाही, मध नाही, लाटणे नाही. आत्या क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, "अरे, मळमळीला अशी गोळी निघते, मग बीपीला का नाही रे निघत?"

या प्रश्नाचे उत्तर मला तेथल्या तेथे देता आले नाही. पुढे जे वाचले, जाणत्यांकडून जे ऐकले, त्यावरून माझी अशी खात्री झाली आहे की, त्या एका साध्या वाक्यात औषधनिर्मितीच्या शास्त्रातला एक अतिशय मूलगामी प्रश्न दडलेला आहे, आणि त्याचे पूर्ण उत्तर मिळविणे हे आपल्या प्रयोगशाळांचे, आपल्या शासनाचे आणि आपल्या औषधखरेदीच्या दप्तरांचे सामायिक कर्तव्य आहे. जगात ३० ते ७९ या वयाची सुमारे १४० कोटी माणसे उच्च रक्तदाबाने ग्रस्त आहेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे अनुमान आहे. हा विकार वेदनेच्या रूपाने स्वतःची वर्दी देत नाही; त्याचे औषध आज घेऊन उद्या सोडण्याचे नसते; आणि ते ज्यांना सर्वांत अधिक आवश्यक, त्या वृद्धांना व पक्षाघातातून उठलेल्यांनाच ते गिळणे सर्वांत अधिक कठीण जाते. अशा माणसाची गोळी सुखाने खाली उतरावी, ही चैन नव्हे, ती उपचाराचाच एक भाग आहे.

परंतु जिभेवरची गोळी आणि रक्तातले औषध यांच्यामध्ये एक अंतर आहे, आणि बाजारातल्या 'झटपट विरघळणारी' या विशेषणाने ते अंतर झाकले जाते. स्वयंपाकघरातला दाखला घेऊ. एका वाटीत पाणी घेऊन चिमूटभर मीठ टाकावे, दुसरीत चिमूटभर हळद टाकावी. दोन्ही चिमटी सुटतात, दोन्ही पसरतात. पण मीठ पाण्याशी एकजीव होते, तर हळद पाणी पिवळे करूनही शेवटी कणाकणाने तळाशी बसते. मराठीत फुटणे, विखुरणे आणि विरघळणे ही तीन क्रियापदे वेगळी आहेत आणि ती वेगळी ठेवण्यातच या विषयाचे मर्म आहे. गोळी फुटते ती गोळीच्या बांधणीमुळे. औषध विरघळते ते औषधाच्या स्वभावामुळे. मिठाच्या स्वभावाच्या औषधाची गोळी जिभेवर फुटली, तर काम बहुतांशी झाले. हळदीच्या स्वभावाच्या औषधाची गोळी जिभेवर फुटली, तर काम जेमतेम सुरू झाले. आणि रक्तदाबावरची पुष्कळशी उत्तम औषधे दुर्दैवाने हळदीच्या स्वभावाची आहेत.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली जिभेवर विरणाऱ्या गोळ्यांविषयी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात अशी गोळी सुमारे ३० सेकंदांत फुटावी आणि तिचे वजन ५०० मिलिग्रॅमच्या वर नसावे असे सुचविले आहे. युरोपच्या औषधसंहितेने ३ मिनिटांची मुदत दिली आहे. या दोन्ही मुदती फुटण्याच्या आहेत. तोंडात कोणत्याही क्षणी लाळ असते ती फार तर चमचाभर, आणि तेवढ्या द्रवात तेवढ्या सेकंदांत टेल्मिसार्टनसारखे रक्तदाबावरचे औषध विरघळेल अशी अपेक्षा धरणे व्यर्थ होय. ते कणरूपाने लाळेबरोबर खाली जाते, आणि त्याची खरी परीक्षा जठरात व आतड्यांत व्हायची ती होतेच. गिळण्याचा प्रश्न सुटतो. विरघळण्याचा तसाच उभा राहतो.

या दुसऱ्या प्रश्नाला शास्त्राने एक सुबक चौकट दिली आहे. १९९५ साली गॉर्डन अमिडॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडावाटे घ्यावयाच्या औषधांचे चार वर्ग पाडले, आणि त्यासाठी दोनच प्रश्न विचारले: औषध पाण्यात विरघळते काय, आणि विरघळल्यावर आतड्याच्या भिंतीतून पार होते काय? पहिल्या प्रश्नाचे माप त्यांनी मोठे घरगुती ठरविले. औषधाची सर्वांत मोठी मात्रा २५० मिलिलिटर पाण्यात, म्हणजे गोळीबरोबर आपण पितो त्या साधारण एका पेल्यात, पोटातल्या आम्लापासून आतड्यांतल्या जवळजवळ उदासीन स्थितीपर्यंत सर्वत्र विरघळली पाहिजे. जे औषध भिंत सहज ओलांडते, पण त्या पेल्यात विरघळत नाही, ते दुसऱ्या वर्गातले. टेल्मिसार्टन, इर्बेसार्टन, कार्व्हेडिलॉल, निफेडिपिन ही रक्तदाबावरची परिचित नावे याच वर्गात मोडतात. आतड्यात त्यांच्यासाठी दार उघडे असते. पण दारापर्यंत पोहोचण्यास लागणारे द्रवरूप त्यांना धारण करता येत नाही, म्हणून त्यांतला काही अंश काहीही काम न करता शरीराबाहेर पडतो. तो अंश आज थोडा, उद्या अधिक, उपाशीपोटी एक, जेवणानंतर दुसरा असा बदलत राहिला, म्हणजे डॉक्टरांनी बारकाईने ठरविलेली मात्रा कागदावरच राहते. रक्तदाबाच्या बाबतीत ही अनिश्चितता औषधाच्या कमतरतेइतकीच घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

येथे मात्रेचा विचार फार महत्त्वाचा आहे. मुंबईच्या वाचकाला ज्याचा सार्थ अभिमान वाटावा असा एक इतिहास येथे आठवतो. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकात सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो याचे पद्धतशीर निरीक्षण मांडले, आणि जी मुळी आपल्या वैद्यकाला शतकानुशतके परिचित होती तिच्याकडे पाश्चात्त्य वैद्यकाचे डोळे प्रथम खऱ्या अर्थाने वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी त्या मुळीतून रिसर्पिन वेगळे केले. १९५७ मध्ये डॉ. वकिलांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिक लाभले. रिसर्पिनही पाण्याला जवळजवळ दाद न देणारेच द्रव्य. परंतु त्याची मात्रा असे मिलिग्रॅमच्या चतुर्थांशाएवढी, आणि एवढ्या सूक्ष्म ओझ्याला पेलाभर पाणी पुरून उरे. मन खिन्न करणाऱ्या परिणामांमुळे ते औषध पुढे मागे पडले. त्याच्यानंतर आलेली औषधे अधिक सौम्य आणि अधिक निर्धोक ठरली, पण त्यांतल्या कित्येकांची मात्रा ४०, ८०, १५०, ३०० मिलिग्रॅम अशी वाढत गेली, आणि त्याबरोबर पेल्यातल्या पाण्यावरचा भारही वाढला. औषध माणसाला जितके निर्धोक झाले तितके ते पाण्याला जड झाले.

हा भार हलका करण्याच्या युक्त्या पाहू लागलो म्हणजे माणसाच्या बुद्धीविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. पहिली युक्ती सहाणेइतकी जुनी आहे. १८९७ साली नॉइस आणि व्हिटनी या दोघा अमेरिकन रसायनज्ञांनी दाखवून दिले की, घन पदार्थ ज्या वेगाने विरघळतो तो वेग भोवतीचे द्रावण संपृक्ततेपासून किती दूर आहे यावर अवलंबून असतो. आणि द्रवाला भिडलेला पृष्ठभाग जितका मोठा तितका हा वेग अधिक, हे त्याच विचाराचे पुढचे पाऊल. एक मिलिमीटर बाजूचा घनाकार कण घेतला तर त्याचा पृष्ठभाग ६ चौरस मिलिमीटर भरतो. त्याचेच दशांश मिलिमीटरचे हजार कण केले, तर द्रव्य तेवढेच राहून पृष्ठभाग ६० होतो. आणि एक मायक्रॉनपर्यंत खाली गेलो तर तो ६,००० वर जातो. आमच्या घरी आजी वेखंड उगाळताना 'आणखी दोन वळसे दे' म्हणत असे, त्यामागे हेच गणित असले पाहिजे. पण अतिसूक्ष्म कणांना पुन्हा एकमेकांना चिकटून गुठळी होण्याची ओढ असते, म्हणून केवळ दळण्याने सर्व साधत नाही.

टेल्मिसार्टनच्या बाबतीत औषधकारांनी अवलंबिलेला मार्ग मला विशेष मननीय वाटतो. पाण्याचा सामू (पीएच) ३ ते ९ यांच्या दरम्यान असेल, तर हे औषध जवळजवळ विरघळतच नाही. तीव्र अल्कलीत मात्र ते सहज विरघळते. म्हणून मूळ गोळीच्या घडणीतच सोडियम हायड्रॉक्साइड आणि मेग्लुमिन हे अल्कधर्मी पदार्थ घातले गेले, जेणेकरून गोळी ओली होताच प्रत्येक कणाभोवती अल्कलीचे एक इवलेसे वलय तयार व्हावे आणि त्या वलयाच्या आश्रयाने औषधाने द्रवात उतरावे. पोटातल्या सबंध आम्लाशी झगडण्यापेक्षा कणाच्या उंबरठ्यापुरते हवामान बदलून घेण्याची ही कल्पना खचित सुंदर आहे. एवढे करूनही ४० मिलिग्रॅमच्या मात्रेतले सुमारे ४२ टक्केच औषध रक्तात पोहोचते, यावरून मूळ अडचण किती चिवट आहे हे ध्यानात यावे.

तिसरा मार्ग जपानमधून आला. १९६१ साली सेकिगुची आणि ओबी यांनी सल्फाथायाझोल हे दुर्विद्राव्य औषध युरियाबरोबर वितळवून, थिजवून, त्याचे चूर्ण केले आणि ते मूळ औषधापेक्षा लवकर शोषले जाते असे दाखविले. पुढे युरियाच्या जागी पाण्यात विरघळणारी बहुवारिके (पॉलिमर) आली, आणि औषधाचे रेणू स्फटिकाच्या शिस्तबद्ध रांगेतून मोडून त्या बहुवारिकात विस्कळीत अवस्थेत पसरवून ठेवण्याची रीत रूढ झाली. स्फटिक म्हणजे रेणूंनी एकमेकांचे हात घट्ट धरून केलेली साखळी. ती अगोदरच सोडविलेली असली, म्हणजे पाण्याला ती सोडविण्याचे श्रम पडत नाहीत. मात्र विस्कळीत रेणूंना पुन्हा रांगेत येण्याची ओढ असते, आणि फडताळात पडल्या पडल्या, उष्णतेने व दमटपणाने, ते पुन्हा स्फटिक होऊ शकतात. कारखान्यातून निघताना उत्तम असलेली गोळी आठव्या महिन्यात तितकीच उत्तम असेल, हे गृहीत धरता येत नाही.

चौथ्या मार्गाचा नायक म्हणजे सायक्लोडेक्स्ट्रिन. १८९१ मध्ये व्हिलिये या फ्रेंच शास्त्रज्ञाला पिठुळाच्या जिवाणूजन्य विघटनात हे द्रव्य प्रथम आढळले. त्याचा बीटा नावाचा प्रकार म्हणजे ग्लुकोजच्या सात घटकांचे कडे. त्याचा आकार बूड नसलेल्या द्रोणासारखा, बाहेरची बाजू पाण्याशी सलगी करणारी आणि आतली पाण्याला दूर ठेवणारी. जलद्वेष्टे औषध त्या द्रोणाच्या पोकळीत शिरून बसते आणि द्रोण त्याला पाण्यातून वाहून नेतो. आपल्याकडील औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत विद्यार्थी हा मार्ग मोठ्या आवडीने चोखाळतात, आणि तो आहेही मोहक. परंतु येथे तराजू हाती धरावा लागतो. टेल्मिसार्टनच्या एका रेणूस एक द्रोण द्यायचा म्हटले, तर ४० मिलिग्रॅम औषधाला सुमारे ८८ मिलिग्रॅम सायक्लोडेक्स्ट्रिन लागते. हे चालण्यासारखे आहे. तोच न्याय इर्बेसार्टनच्या ३०० मिलिग्रॅमला लावला, तर एकट्या द्रोणांचेच वजन ७९० मिलिग्रॅमच्या वर जाते, आणि ५०० मिलिग्रॅमच्या मर्यादेत बसणारी, जिभेवर सुखाने राहणारी गोळी ही गोष्टच संपते. एका औषधाला लाभलेली युक्ती दुसऱ्याला लाभेलच असे नाही, आणि ज्या प्रबंधात हे वजनाचे गणित पहिल्या पानावर मांडलेले नसते त्याविषयी मी तरी साशंक राहीन.

गोळी फुटण्याची बाजू त्या मानाने सुलभ आहे. क्रॉसपोव्हिडोन, क्रॉसकार्मेलोज यांसारखी पाणी शोषून फुगणारी द्रव्ये गोळीत घालतात. गोडी आणि जिभेला गारवा यावा म्हणून मॅनिटॉल घालतात. काही औषधे गोठवून निर्वात स्थितीत वाळवतात, म्हणजे पाण्याच्या जागी नुसती पोकळी उरते. आपल्या घरांतली दोन द्रव्येही या कामी उपयोगी पडली आहेत. इसबगोलाचा भुसा पाण्यात कसा फुगतो हे प्रत्येक घराला ठाऊक आहे, आणि तोच गुण गोळी फोडण्यासाठी वापरून पाहण्यात आला आहे. दुसरे द्रव्य कापूर: तो बारीक करून मिश्रणात घालतात, गोळ्या दाबतात, मग त्या कोमट उष्णतेवर निर्वात पेटीत ठेवतात, कापूर द्रव न होता सरळ वायुरूपाने उडून जातो आणि तो जेथे जेथे होता तेथे सूक्ष्म छिद्र मागे राहते. लाळ त्या छिद्रांतून आत धावते आणि गोळी आतून सुटते. देवघरातल्या तबकात जळून मागे काहीही न ठेवणारा कापूर गोळीत मात्र स्वतःचा आकार ठेवून जातो, हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ स्वस्थ बसलो.

आता या दोन बाजू एकत्र आणू लागलो, की खरी कोंडी पुढे येते. झटपट फुटणारी गोळी सच्छिद्र आणि पाण्याची भुकेली असावी लागते. टेल्मिसार्टनसारख्या गोळीतले अल्कधर्मी साहाय्यक द्रव्यही हवेतला दमटपणा ओढून घेते. एक भूक दुसरीत मिळविली, म्हणजे गोळी पाणी मिळेपर्यंत थांबत नाही. ती कोकणातल्या हवेतच विरायला लागते. आत्याच्या खिडकीत सात घरांचा एक प्लास्टिकचा डबा आहे. दर रविवारी वहिनी आठवड्याच्या गोळ्या पत्र्यांतून सोडवून वाराप्रमाणे त्या घरांत भरते, कारण तिची भीती ही की आत्या एखादा दिवस चुकवील. मी शनिवारचे घर उघडून पाहिले, तेव्हा तेथली रक्तदाबाची, टेल्मिसार्टनची गोळी कडेने किंचित फुगलेली होती आणि बोटाला तिचा स्पर्श ओलसर लागला. टेल्मिसार्टनची गोळी घेण्याच्या क्षणापर्यंत वेष्टनातून काढू नये, अशी सूचना मूळ निर्मात्याने दिलेली आहे. ती वहिनीपर्यंत कोणी पोहोचविली नव्हती. औषधाच्या दुकानात पत्रा कात्रीने कापून दिला जातो, आणि बारीक इंग्रजी अक्षरांतल्या सूचनेचा कागद पेटीतच राहून जातो. केवळ ऊनवाऱ्यापासून दूर, कोरड्या प्रयोगशाळेत सिद्ध झालेले यश हे आपल्या लोकांच्या दृष्टीने अर्धेच यश आहे. आषाढातल्या रत्नागिरीने त्यावर शिक्कामोर्तब करावयास हवे.

याहूनही गंभीर अशी एक सावधगिरी सांगणे मला आवश्यक वाटते, कारण 'झटपट' या शब्दाची मोहिनी या क्षेत्रात एकदा महाग पडलेली आहे. निफेडिपिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते योग्य द्रवात विरघळवून मऊ कॅप्सुलात भरले जाई. विद्राव्यतेचा प्रश्न अशा रीतीने सुटला होता. मग रक्तदाब एकाएकी चढलेल्या रुग्णाला ती कॅप्सूल चावायला सांगण्याची, किंवा सुईने टोचून तिच्यातला द्रव जिभेखाली पिळण्याची चाल जगभर पडली, आणि ती आपल्याकडील दवाखान्यांतही चांगली रुजली. वस्तुतः जिभेखालून ते औषध फारसे शोषले जात नसे. जे काम करी ते गिळलेल्या थेंबांचे. पण अगोदरच विरघळलेले ते थेंब इतक्या त्वरेने रक्तात उतरत की दाब क्वचित कड्यावरून पडावा तसा पडे, आणि मेंदूचा किंवा हृदयाचा रक्तपुरवठा अपुरा पडून रुग्णावर दुसरेच संकट कोसळे. १९९६ साली ग्रॉसमन, मेसर्ली आदी वैद्यकतज्ज्ञांनी अमेरिकेच्या वैद्यकसंघाच्या नियतकालिकात असे प्रकार एकत्र मांडून ही चाल थांबवावी असे निक्षून सांगितले. ज्या दाबाशी शरीराने वर्षानुवर्षे जुळवून घेतले, तो मिनिटांत खाली ओढणे हा उपचार नव्हे. सबब, जिभेवर विरणाऱ्या रक्तदाबाच्या गोळीकडून आपल्याला त्वरा हवी ती गिळण्यापुरती. रक्तात उतरताना तिने साध्या गोळीच्याच गतीने, पण रोज त्याच प्रमाणात उतरावे. म्हणूनच संथपणे काम करणारी, चोवीस तास टिकणारी औषधे या रूपासाठी निवडावीत. आणि ज्या गोळ्यांची बांधणीच मुद्दाम सावकाश सुटण्यासाठी केलेली आहे, त्या लाटण्याखाली कधीही घालू नयेत, हे प्रत्येक घराला ठाऊक करून द्यावे. चुरलेली तसली गोळी दिवसभराची मात्रा एकदम ओतते.

हे सर्व ध्यानी घेऊन माझे म्हणणे असे. आपल्या औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांतून पदव्युत्तर पदवीसाठी या विषयावर प्रबंध लिहिले जातात. कोणते द्रव्य किती घातले असता गोळी किती सेकंदांत फुटली याचे तक्ते त्यांत परिश्रमपूर्वक मांडलेले असतात. मार्गदर्शकांची सही होते, तोंडी परीक्षा होते, आणि प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जातो. या श्रमांचा मी अनादर करीत नाही. त्यांना पुढे वाट मिळत नाही याचे मला मनापासून दुःख आहे. सेकंदांच्या तक्त्याबरोबर निरनिराळ्या सामूच्या द्रवांत औषध किती विरघळले, सहा महिन्यांच्या दमटपणानंतर ते किती विरघळते, आणि निरोगी स्वयंसेवकांच्या रक्तात साध्या गोळीच्या तुलनेत ते किती उतरले, हे तीन प्रश्न विद्यापीठांनी विचारावेत, आणि त्यांची उत्तरे शोधण्यास जो खर्च येतो तो एकट्या विद्यार्थ्याच्या खिशावर न टाकता सरकारने व कारखानदारांनी उचलावा. रक्तातली चाचणी खर्चाची असते हे मला मान्य आहे. पण तिच्यावाचून बाकीचे सर्व तक्ते अनुमानाच्या कोटीतच राहतात.

कायद्याने या दिशेने एक पाऊल टाकलेले आहे, आणि त्याचे स्वागत करताना मला संकोच नाही. ३ एप्रिल २०१७ रोजी केंद्र सरकारने औषध नियमांत दुरुस्ती करून, अमिडॉन यांच्या वर्गीकरणातील दुसऱ्या व चौथ्या वर्गातली, म्हणजे पाण्यात दुर्विद्राव्य अशी औषधे तोंडावाटे देण्याच्या रूपात बनविण्याचा परवाना मागणाऱ्या अर्जदाराने मूळ औषधाशी जैवसमतुल्यता सिद्ध केल्याचा पुरावा जोडला पाहिजे, अशी अट घातली. दुर्विद्राव्य औषधाची गोळी दिसायला सारखी असली म्हणून रक्तात सारखी उतरेलच असे नाही, हे या दुरुस्तीने सरकारदरबारी मान्य झाले. आता त्यापूर्वीच्या परवान्यांवर तयार होणाऱ्या अशा औषधांकडूनही क्रमाक्रमाने हा पुरावा मागवावा, आणि तो अर्जाच्या फायलीत बंद न ठेवता जाहीर करावा. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ साली ज्या पाच राज्यांत सुरू झाला त्यांत महाराष्ट्र आहे. अम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन ही त्या उपक्रमाची नित्याची औषधे. शासन ही औषधे निविदा काढून खरेदी करते, आणि निविदेत दर बोलतो. त्याच निविदेत विद्राव्यतेच्या कसोटीची अट स्वतंत्र कलम म्हणून घालावी. माल सरकारी भांडारात काही महिने राहिल्यावर त्यातले नमुने पुन्हा तपासावेत. आणि ज्यांना गिळता येत नाही अशा रुग्णांसाठी खरेदीचा एक लहानसा हिस्सा जिभेवर विरणाऱ्या गोळ्यांसाठी राखावा. जपानमध्ये अम्लोडिपिन आणि ओल्मेसार्टन यांच्या अशा गोळ्या आज नित्याच्या वापरात आहेत; चारांत एकाहून अधिक माणसे ६५ वर्षांवरची असलेल्या त्या देशाने वृद्धांच्या घशाचा विचार केला, तर आपणही तो करणे अशक्य नाही. दर वाढेल ही हरकत निघेल. पण जी गोळी कागदाच्या दुमडीत राहते किंवा डब्यात ओली होते, तिचाही दर आपण आज भरतोच आहोत.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी वहिनीला सर्व हकीकत समजावून सांगितली. तिने ऐकून घेतले, दोन प्रश्न विचारले, आणि रविवारची वाट न पाहता कात्री आणली. पत्र्याचे चौकोन असे कापले की प्रत्येक गोळी आपल्या बंद वेष्टनातच राहील, आणि ते सात चौकोन सात घरांत ठेवले. डॉक्टरांकडे जाऊन, ही गोळी चुरली तर चालेल की तिच्याऐवजी दुसरी कोणती गोळी आत्याला द्यावी, हे लिहून आणण्याचेही तिने ठरविले. आत्या आतल्या खोलीतून विचारत होती, "काय गं, निघाली का तसली गोळी?"